सुभद्राच्या भाषणातलं गेलेलं वाक्य

गुणाजी राणेंची नजर काचबिंदूने गेली ती गिरणी संपानंतर बऱ्याच वर्षांनी. संशयी स्वभाव मात्र जुनाच. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर असताना दुसऱ्याने मारलेली सुताची गाठ ते स्वतः ओढून बघायचे.

संपात त्यांची बायको सुभद्रा गिरणीच्या दारातल्या गेटसभेत बोलली होती. गुणाजींनी शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणून ते भाषण कॅसेटवर घेतलं होतं. संपाला तीस वर्षं झाली तेव्हा काळाचौकीच्या मंडळाने ते ऐकवायचं ठरवलं. युनियनचे जुने कार्यकर्ते बाबुराव यांनी दादरच्या एका स्टुडिओतून ते साफ करून आणलं आणि कॅसेट परत केली.

साफ केलेलं भाषण ऐकून गुणाजी ताठ बसले. "ह्यातला एक वाक्य खंय गेला?"

बाबुरावांकडे वळून सुभद्रा तेव्हा म्हणाली होती, "आमच्या चुली विझल्या. तुमची अजून कशी पेटते?" तेवढंच गायब होतं.

"बाबुरावान कापल्यान," गुणाजी म्हणाले.

"काय तरीच. इतक्या वर्षांनी कशाला कापतील?" सुभद्रा म्हणाली.

आता कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, जोडायचं ते आपणच, असं गुणाजींनी ठरवलं. चाळीतली लतिका लालबागला कॉम्प्युटर क्लास घ्यायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज तिने त्यांना आधीच लावून दिला होता, टायपिंगही शिकवलं होतं. पण आवाज कापायच्या प्रोग्राममध्ये सगळा कारभार चित्रांचा. लाटांसारख्या रेघा बघायच्या आणि माऊसने पकडायच्या. वाचणारा आवाज नुसता "बटण, बटण" म्हणत राहायचा. लतिकाने एकामागून एक प्रोग्राम उतरवून पाहिले, सगळ्यांची तीच तऱ्हा.

शेवटी तिला एक सापडला. त्याला चित्रंच नव्हती. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं, ती वाचणारा आवाज सरळ वाचून दाखवायचा. कुठून कुठवर कापायचं ते टाइप करायचं, एंटर मारायचं.

"कापला म्हणून तो सांगता. खरा कशावरून?" गुणाजींनी विचारलं.

"तुम्हीच तपासा ना, काका."

त्यांनी स्वतःचं खोकणं रेकॉर्ड केलं, मधला एक खोकला कापला आणि पुन्हा पुन्हा ऐकला. मग कुठे मान हलवली. लतिकाने वायर जोडून मूळ कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. आता दोन्ही भाषणं शेजारी शेजारी ऐकताना गुणाजींच्या ध्यानात आलं, की गेलं होतं ते एकच वाक्य नव्हतं. घोषणांमधल्या शांत जागाही गेल्या होत्या.

"स्टुडिओवाल्याने बारीक आवाज सरसकट काढलेत," लतिका म्हणाली. "काकूंचा घसा त्या वाक्याला बसलाय. मशीनला ती खरखरच वाटली असणार."

गुणाजींनी ती जागा पुन्हा एकदा ऐकली. ते वाक्य त्यांनी मूळ कॅसेटवरून उचललं, आवाज वाढवला, जागेवर बसवलं आणि बाबुरावांना घरी बोलावलं.

भाषण लागलं. ते वाक्य आलं तशी बाबुरावांची खुर्ची करकरली. गुणाजी कान देऊन होते.

"वहिनी, त्या भाषणातलं मला एवढंच आठवत होतं," बाबुराव हळूच म्हणाले. "स्टुडिओतून आलं त्यात ते नव्हतं. मला वाटलं, तुम्हीच पुसलंत. माझी लाज राखायला."

सुभद्रा चहा ठेवायला उठली. "आम्ही कशाला पुसू? ऐकू दे सगळ्यांना."

"ऐकू दे," बाबुराव म्हणाले.

जाताना त्यांनी मूळ कॅसेट मागितली, मंडळाच्या कपाटात नीट राहील म्हणून.

"कॉपी घेवन जावा," गुणाजी म्हणाले, आणि मांडीखालची कॅसेट त्यांनी जरा आत सरकवली.