रिबकाबाईंचं ताट

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. गेल्या महिन्यात रिबकाबाईंच्या मुलाचा इस्राएलहून फोन आला, "काका, आई गेली," आणि टाळायला काही उरलं नाही.

बोईसरच्या आमच्या ज्यू शाळेचा संस्थापक म्हणून लोक माझं नाव घेतात. ते खरं नाही. सत्तरच्या दशकात नोकऱ्यांसाठी काही बेने इस्राएल कुटुंबं या भागात आली, तेव्हा आपल्या मुलांची रोजची शाळा हवी हा ध्यास एकट्या रिबकाबाईंचा. पगार नाही, पद नाही. सफाळ्यापासून वाणगावपर्यंत घरोघरी जाऊन त्यांनी एकेक मूल मागून आणलं. तारापूरच्या वाटेवर दोन खोल्या मिळवल्या, स्वतः सारवल्या. मराठी, गणित, हिब्रू. शनिवारी शब्बाथची सुट्टी, रविवारी शाळा. मी नुसता पत्रं लिहिणारा चिटणीस. "बेन्या," त्या म्हणायच्या, "बापानं नाव ठेवलं बेन्यामिन, आणि तुला हिब्रूचं पहिलं अक्षर, साधं आलेफ काढता येत नाही! बस पोरांत." मी खरंच बसायचो, पहिलीच्या मुलांत, गुडघे दुमडून...

मान्यतेसाठी तपासणीचा सोयीचा दिवस कळवा, असं शिक्षण खात्याचं पत्र आलं. मी शनिवार कळवला. कारखान्यात त्या दिवशी माझी अर्धी पाळी असे. इतकी वर्षं शनिवारी कामावर जाऊन शब्बाथ माझ्या डोक्यातूनच गेला होता. पत्र बाईंना दाखवायचंही राहिलं.

दुपारी पोचलो तर दाराला कुलूप. शेजारची कोळीण बोंबील वाळत घालता घालता तपासणीला आलेल्या साहेबांना सांगत होती, "शाला बंद हाय. आज बाईचा शनवार. आज ती चूलपन नाय पेटवायची." "शाळेनंच आज बोलावलंय," म्हणत साहेब जीपमध्ये बसले. मान्यता अडली.

शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "शनिवार कोणी दिला?" मी म्हणालो, "बाईंनी सांगितलं तसं लिहिलं." रिबकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील... "पोरांचं वर्ष गेलं रे," एवढंच त्या म्हणाल्या. मंडळानं त्यांना शाळेत येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी मान्यता मिळाली, फलकावर माझं नाव लागलं. त्या दिवशी पालघरच्या आपल्या घरून बाईंनी ताटभर मलिदा पाठवला. गोड पोहे, खोबरं, वर खजूर. आमच्यात नवस फिटला की करतात तो. शाळेसाठी त्यांनी नवस बोलला होता... मी तो मलिदा खाल्ला.

ताट रिकामं परत करायचं नसतं. काही गोडधोड घालून स्वतः न्यायचं आणि सगळं कबूल करायचं, असं ठरवलं. पालघर फक्त दोन स्टेशनं. नव्वदच्या सुमारास त्या मुलाकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा निरोपाला गेलो. पिशवीत ताट होतं, ताटात पेढे. "काय बेन्या, आलेफ येतं का आता?" त्यांनी हसून विचारलं. घरभर माणसं होती. मीही हसलो आणि पिशवी तशीच परत आणली.

ताट अजून फडताळात आहे. काल त्यात खजूर ठेवले, मग तसाच समोर बसून राहिलो. बाई, शनिवार मी दिला होता. एवढंच म्हणायचं होतं...