डॉक्टरांनी चालायला सांगितले

मुंबईतली कारकुनी संपवून मी मालवणजवळच्या आमच्या वाडीत कायमचा परत आलो, ते साठ सालच्या आसपास. सगळा जन्म बायको गावात आणि मी मुंबईत, असा आमचा संसार. आता उरलेले दिवस तरी एका छपराखाली काढू म्हणून आलो, तर वर्षभरातच ती तापाने गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मुंबईक चला." त्याची एक खोली, तिच्यात तो, सून, तीन मुले. त्यात मी कुठे बसणार? खाटेवर. आणि खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याचे काय होते, ते मी चाळीत पुष्कळ पाहिले होते.

मी नाही म्हटले. मुलाने फार ताणले नाही. म्हणाला, "पाय चलतत तोवर ऱ्हवा. पाय गेले काय मी येवन नेतलंय."

म्हणजे सगळे आता पायांवर आले. त्यातून मला मधुमेह. मुंबईच्या डॉक्टरांनी निघतानाच बजावले होते, रोज सकाळी चालायचे, नाहीतर पायच आधी दगा देतील. मी ते मनावर घेतले. सकाळी पेज खाऊन, पायात वहाणा सरकवून पाणंदीने निघायचे, बाजार ओलांडून बंदरावर जायचे आणि ऊन चढायच्या आत परत. मुंबईत चौपाटीवर असे चालणारे म्हातारे पैशाला पासरी होते, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

आमच्या वाडीत मात्र उगाच चालणारा माणूस कोणी जन्मात पाहिला नव्हता. माणूस वाटेला लागला म्हणजे त्याला काम असलेच पाहिजे. दिसेल तो विचारी, "काकानू, खंय चललात?"

"खंय नाय, असोच."

"असोच खंय?"

"चलूक."

"चलूक, पण खंय?"

मग मी खोटे बोलू लागलो. "बाजाराक जातंय," म्हटले की लगेच, "मगे येताना काड्यापेटी हाडा." खोट्याला आधार म्हणून हातात पिशवी घेऊ लागलो आणि परतताना ती लोकांच्या जिनसांनी भरू लागली. एकदा वैतागून खरे सांगितले की डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. शेजारचा शेतकरी पोट धरून हसला. "चलूक व्हया तर आमच्या कुणग्यात येवा. भाताचे भारे व्हावक माणसा गावनत नाय!" कापणीचे दिवस होते. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण बोरू घासण्यात हयात गेलेल्या माणसाच्या मानेवर भारा कुठला टिकणार?

खरे सांगायचे तर त्या 'खंय चललात'चा मला राग येई, आणि एखाद्या दिवशी कोणी विचारले नाही तर चुकल्यासारखेही होई. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलले तर ते एवढेच. घरी भात शिजवायचा, एका ताटात वाढायचा, एक ताट घासायचे. दुपार तर सरता सरत नसे.

वाडीत हळूहळू कुजबुज सुरू झाली. बायको गेलेला माणूस रोज घर सोडून निघतो, समुद्रापर्यंत जातो, काही न करता परत येतो. हे डॉक्टरचे काम नव्हे, हे दुसरेच काहीतरी आहे. शेजारच्या वहिनी, म्हणजे माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण, एके दिवशी येऊन म्हणाल्या, "भावजी, देवळात कौल लावया." मी हसण्यावारी नेले. पण वाडीत राहायचे तर देवाला नाही म्हणून चालत नाही. गेलो.

गुरवाने देवाच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. मग त्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या पायाक भिंगरी लागली हा, ती कशामुळे ता दाखय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. साठी उलटलेले ते लेकरू हात जोडून मध्ये उभे होते.

"तेची घरकारीण तेका हाक मारता काय, तर उजवो कौल दी!"

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग उजवीकडची पाकळी घसरली आणि अलगद खाली पडली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण सापडले होते, गेलेली बायको मला बोलावत होती. तिच्या नावाने पान वाढा, देवाला नारळ द्या, सगळे ठरले. मी ते सगळे यथासांग केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चालायला निघालो.

त्या दिवसापासून मला वाटेत कोणी काही विचारीना. मी दिसलो की बायका पोरांना आत घेत, पुरुष विडी शिलगावण्यात गुंग होत. मी कुठे चाललो ते आता सगळ्यांना ठाऊक होते ना! पिशवी रिकामी जायची, रिकामी यायची. इतका एकटा मी मुंबईत कधी नव्हतो आणि बायको गेली तेव्हाही नव्हतो.

शेवटी वहिनींच्या अंगणात जाऊन मी भांडलो. हे काय चालवले आहे, म्हटले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भावजी, रागावू नकात. डागतरान चलूक सांगल्यान. पण बंदरारच जावा म्हणून सांगल्यान काय? रस्तो कसालाकय जाता."

दर मे महिन्यात मी आगबोटीने यायचो तेव्हा माझी बायको बंदरावर मला न्यायला यायची. एकही वर्ष तिने चुकवले नव्हते. ते वहिनींना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम समुद्राकडे पाठ करून कसालच्या रस्त्याला लागलो. रस्ता चांगला होता, सावली होती. थोड्या वेळाने थांबलो आणि मागे फिरलो. त्या बाजूला मला जायचेच नव्हते.

मुंबईला जाणाऱ्या कोणीतरी ही हकिगत मुलाच्या कानावर घातली. तो रजा काढून निघाल्याचा निरोप आला. मला न्यायलाच येणार, यात शंका नव्हती. आगबोटीच्या दिवशी मी बंदरावर जाऊन उभा राहिलो. बोट लांब थांबली, उतारू पडावात उतरले. इतकी वर्षे मी पडावातून किनाऱ्याकडे पाहिले होते, आपल्या माणसासाठी किनाऱ्यावरून पडावाकडे पहिल्यांदाच पाहत होतो. उन्हाने डोळ्यांसमोर अंधारी येते. अगदी जवळ येईपर्यंत एकही चेहरा ओळखू येत नाही, आपला माणूस आलाच नसेल असे वाटत राहते. तिने हे कधी सांगितले नव्हते.

मुलगा उतरला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्याची ट्रंक मी उचलू लागलो तर त्याने ओढून घेतली. आम्ही चालत निघालो. चढणीवर त्याला धाप लागली. "बाबा, जरा बसया," म्हणत तो ट्रंकेवर टेकला. मी उभाच होतो. तो हसला. "पाय बरे आसत तुमचे. लोक काय वाट्टेल ता सांगतत!"

तो आठवडाभर राहिला. जेवताना दोन ताटे होती, रात्री दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायचा. मुंबईचा विषय त्याने एकदाही काढला नाही, आणि मीही काढला नाही. निघायच्या दिवशी मी त्याला पोचवायला बंदरावर गेलो. पडावात चढताना तो म्हणाला, "आता माका काळजी नाय. तुमी घोड्यासारखे चलतास."

म्हणजे मी जिंकलो होतो. पडाव बोटीला लागेपर्यंत मी हात वर करून उभा होतो, त्याला दिसलो की नाही कोण जाणे. मग घरी निघालो. सगळी वाट पाय ठणठणीत होते, कुठे कळ नाही, की मुंग्या नाहीत. चढणीवर मला वाटले, एखादा तरी दुखायला हवा होता. मग मुलगा मला घेऊन गेला असता.