कोलकच्या खाडीत एक मिनिट

ही सहल ठरली भांडणातून, हे आधीच सांगून टाकतो.

सिल्वासाजवळ खडोलीला धाग्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मशीनवर आहे, आता सुपरवायझर. त्या आवाजात कान गेले. ‘गेले’ हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा शब्द. माझा शब्द ‘थोडे मंदावले’. दिवाळीत डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते मी डबीसकट शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो. कानात घातलं तर मशीनवरची पोरं हसतील, एवढीच भीती. सुनंदाने आधी समजावलं, मग ती चिडली, आणि मग बोलायचीच कमी झाली. पोरगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, घरात आम्ही दोघंच. तिचं बोलणं थांबलं म्हणजे घर थांबलं. तरी माझा हट्ट सुटेना.

अशात फोनवर एकाने पाठवलं की कोलकच्या खाडीवर एक ऐकत चालायची वाट झाली आहे. गाइड वगैरे नाही. घरूनच फोनवर दहा ध्वनिफिती उतरवून घ्यायच्या, खारफुटीच्या कडेने खुणेच्या दगडापर्यंत जायचं, तिथली फीत लावायची, पुढे चालायचं. मी सुनंदाला म्हटलं, ‘चल. कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही ते तिथेच बघू.’

जानेवारीतल्या रविवारी सहाला बाइक काढली. आवारातला कढीपत्ता मोकाट गायीने पुन्हा ओरबाडला होता. मी गायीला दोन शिव्या हासडल्या. सुनंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

वापीपर्यंतचा रस्ता सकाळी मोकळा असतो. आठनंतर ट्रक सुरू झाले की देवच वाली. वापीत खमण आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. तिथून उदवाड्याच्या बाजूला वळून विचारत विचारत गेलं की तासाभरात खाडी. तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत, दुकानही नाही. पाणी सोबत न्या.

आता माझी हुशारी ऐका. ही वाट ओहोटीतच चालता येते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात ओहोटीची वेळ बघून आलो होतो. पावणेआठला पोचलो तर वाटेतला ओहोळ गुडघ्याच्या वर वाहत होता. आम्ही मूळचे अमळनेरचे. आम्हाला पाणी माहीत ते धरणाचं: मधुबनचं पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात, विषय संपला. समुद्र आपला आपण येतो-जातो, आणि तोही गावोगावी वेगळ्या वेळेला, हे डोक्यातच आलं नाही. मी परत फिरायला निघालो होतो, खरंच.

बांधावर एक म्हाताऱ्या बाई टोपली घेऊन बसल्या होत्या, खेकडे धरायला आलेल्या. मणीबेन त्यांचं नाव. मी कॅलेंडरचा फोटो दाखवला तर त्या हसल्याच.

‘वो तो मुंबई का टाइम है भाई. इधर पानी पीछे चलता है. बैसो ने, क्या जल्दी है?’

बसलो. सुनंदाने डब्यातल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला. मणीबेननी चतकोर खाऊन डोळे पुसले आणि आणखी मागितली. मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, एकीची हिंदी गुजरातीकडे झुकलेली, दुसरीची खानदेशाकडे. सुनंदा इतकं बोलू शकते हे मी विसरलो होतो. मला त्यातलं फार कळत नव्हतं. मी हसण्याच्या जागी हसत होतो. हे मी वर्षानुवर्षं करत आलोय, सरावाने जमतं.

नऊच्या सुमारास ओहोळ घोट्याएवढा झाला. मणीबेननी बजावलं की पाणी परत वळताना दिसलं की असाल तिथून मागे फिरायचं, फोटो काढत थांबायचं नाही. तुम्हीही लक्षात ठेवा. आणि चप्पल नको. चिखल ओढून घेतो. आम्ही पट्ट्याचे सँडल घातले होते.

इयरफोन एकच, एक टोक तिला, एक मला. व्हॉल्यूम मी शेवटपर्यंत नेलेला, म्हणून तिने तिचं टोक कानापासून बोटभर लांब धरलं होतं. फितीतला आवाज कुणा निवृत्त मास्तरांचा, हिंदी, सावकाश. तिवरांची मुळं श्वास घ्यायला वर येतात, भरतीत मासे इथे पिल्लं वाढवतात, असं सांगत होते. मला सगळं नीट ऐकू येत होतं. मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे बघत होतो.

चौथ्या दगडापाशी मास्तर आवाज खाली आणून काहीतरी म्हणाले आणि बंद पडले. मी फोन काढला, आपटला, वायर हलवली.

‘काय करून राहिले तुम्ही?’ सुनंदाने माझा हात धरला. ‘तो गप बसेल आहे. एक मिनिट नुसतं ऐका म्हणे.’

मी ऐकायचा चेहरा केला.

‘ऐकू येऊन राहिलं ना?’

‘हो तर. पक्षी.’

‘पक्षी एकही नाही बोलून राहिला,’ ती म्हणाली. ‘चिखल बोलून राहिला.’

ती हसली असती तर मीही हसून नेलं असतं. पण तिने तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवून पाण्याकडे बघत उभी राहिली. रोज स्वयंपाकघरात ती अशीच माझ्याकडे पाठ करून उभी असते. मी भांडण जिंकायला आलो होतो आणि तिला एकटीला उभं करून ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

डबी काढली. यंत्र कानात बसवताना दोनदा चुकलो, डॉक्टरांनी दाखवलेलं निम्मं विसरलो होतो.

आणि मग चिखल ऐकू आला. पाणी उतरताना लाखो बारीक भोकांतून बुडबुडे फुटतात, तेलात मोहरी पडल्यासारखी नुसती तडतड, थेट क्षितिजापर्यंत. मधूनच सुनंदाच्या बांगड्या. मधूनच तिचा श्वास. ती माझ्याकडे न बघता, स्वतःशीच म्हणाली, ‘पोरगी सोबत असती तर तिला दाखवलं असतं.’

‘पुढच्या वेळी आणू तिला,’ मी म्हणालो.

ती गर्रकन वळली. माझे डोळे भरले होते, तिचेही. फीत तोवर पुढे निघून गेली होती, ती आम्ही मागे नेली नाही.

सातव्या दगडापाशी पाणी वळताना दिसलं आणि आम्ही मुकाट्याने परतलो. तीन फिती राहिल्या, त्याचं काही वाटलं नाही. मणीबेनना नमस्कार केला. त्यांनी ‘बैसो’ म्हटलं नसतं तर आठलाच किक मारून मी घर गाठलं असतं. त्यांना हे सांगितलं, पण त्यांचं लक्ष टोपलीतल्या खेकड्याकडे होतं. म्हणून इथे लिहून ठेवतो.

हेल्मेटखाली यंत्र शीळ घालतं, तेव्हा बाइकवर ते डबीतच. उरलेला वेळ कानात. कारखान्यातली पोरं काय म्हणाली ते सांगून टाकतो: एकाने विचारलं, ‘काका, ब्लूटूथ केवढ्याला पडला?’ संपलं. एवढ्यासाठी मी इतके दिवस भीत होतो.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी सकाळी, पहिल्या पाळीला निघताना. रोज मी फाटकाबाहेर बाइक काढतो तेव्हा सुनंदा दारातून काहीतरी म्हणते आणि मी हात हलवून निघतो. सांभाळून जा म्हणत असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. त्या दिवशी हेल्मेट अजून हँडललाच होतं, यंत्र कानात होतं, आणि मागून तिचा आवाज आला. नेहमीचा, कुणी ऐकेल अशी आशा नसलेला.

‘फाटक लावा हो. गाय येते.’

मी बाइक स्टँडवर लावली, मागे गेलो आणि फाटकाला कडी घातली. सुनंदा पायरीवरून उतरून फाटकाच्या अर्ध्या वाटेवर आली होती, स्वतःच लावायला, रोजच्यासारखी. ती तिथेच थांबली.