गेटवरचे पाच पहिले रविवार

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी, लोक आपापल्या परीनं काहीबाही घेऊन येतात. कोणी मेथीच्या जुड्या, कोणी गावठी कोंबडी, आणि माझ्यासारखे फ्लॅटवाले कोपऱ्यावरून घेतलेली सफरचंदं, जणू बाल्कनीत पिकली. उपासना झाली की आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे. प्रवचनाला डुलक्या घेणारे लोकही माझ्या लिलावाला टक्क जागे असतात. हे मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत आलो.

मागच्या सणाला एक लाल भोपळा आला. भलामोठा. कोणी हात वर करेना. तेव्हा मला काका सुचले.

काका म्हणजे आमच्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ. मूळचे नांदगावकडचे, बसच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका खोलीत एकटेच राहतात. उपासनेत खुल्या प्रार्थनेची वेळ असते, ज्याला वाटेल त्यानं उठून मोठ्यानं प्रार्थना करायची. काका दर रविवारी उठत. "देवा बापा, तू लय मोठा हाय," अशी सुरुवात, आणि मग मंडळीतल्या एकेका आजाऱ्याची दुरुस्ती. हिच्या गुडघ्याला ग्रीस लाव. त्याच्या छातीचा फिल्टर साफ कर. अमक्याच्या पोराचे ब्रेक लागत नाय, तू बघ. प्रार्थना इतकी लांबायची की घरी कुकर लावून आलेल्या बायका अस्वस्थ व्हायच्या.

तर मी भोपळा छातीशी धरला, डोळे मिटले आणि काकांच्या आवाजात सुरू झालो. "देवा बापा, ह्यो भोपळा लय जड हाय. ह्याच्या बुडाला जॅक लाव. आन घेणाऱ्याच्या खिशाचा नट जरा ढिला कर."

लोक पोट धरून हसले. भोपळा गेला. डोळे उघडले तर समोर काका, हातात रिकामी पिशवी. भोपळा त्यांनीच आणला होता, गावाहून, बसमध्ये मांडीवर घेऊन. ते हसले. पिशवीची घडी केली, मग त्या घडीची घडी, आणि ती खिशात मावेल एवढी झाली तरी दुमडतच राहिले.

पुढच्या रविवारी खुल्या प्रार्थनेला काका उठले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांची वेळ आली की नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. विचारलं कोणीच नाही. उलट एक बाई म्हणाल्या, "हल्ली उपासना कशी वेळेत सुटते, नाही?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत वेदीपाशी जाऊन भाकर घ्यायची. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी तेच बजावतात, की कोणाचं मन दुखावलं असेल तर आधी जाऊन मिटवा आणि मग भाकरीला हात लावा. जन्मभर मी हे विमानातल्या सूचनांसारखं ऐकलं होतं. त्या रविवारी पहिल्यांदा शब्द न शब्द ऐकला. काका दोन बाकं पुढे बसले होते. दोन बाकं ओलांडायची म्हणजे किती, सात-आठ पावलं. मी उठलो आणि उलट्या दिशेनं दाराबाहेर गेलो.

बाहेर आलो खरा, पण उभं राहायला काही कारण हवं. गेटपाशी स्कूटरी वेड्यावाकड्या लागल्या होत्या. त्या सरळ करत बसलो. पुढच्या पहिल्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळानं मला चमकणारं जाकीट आणि शिट्टी दिली. चौथ्या महिन्यात पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, "आपले एक बंधू स्वतः बाहेर उन्हात उभे राहतात, इतरांना आत शांतपणे बसता यावं म्हणून. याला म्हणतात सेवा!" आत टाळ्या पडल्या. त्या मला गेटवर ऐकू आल्या. मी शिट्टी फुंकली.

लोकांना वाटतं, ख्रिस्ती माणसाला जड जात असेल ते बाहेरच्यांमुळे. ऑफिसात विचारतात, "तुम्ही इतकं शुद्ध मराठी कसं बोलता?" त्याला माझ्याकडे तीन विनोद तयार आहेत. येशूच्या मागे जायचं म्हणजे कुठे जायचं, हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा पत्ता निघाला द्वारकेजवळचा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि त्या पत्त्यावर माझे विनोद चालणार नव्हते.

एका शनिवारी मी निघालो. द्वारकेचा सिग्नल लाल राहावा अशी प्रार्थना करणारा अख्ख्या नाशकात मी एकटाच असेन. नेमका हिरवा मिळाला. काकांनी दार उघडलं. "काय रे, इकडं कसा?"

वाक्य घोकून आलो होतो. तोंडातून निघालं, "काका, स्कूटर फार आवाज करते हो."

ते जिने उतरून खाली आले, तासभर उकिडवे बसले, हात काळे करून घेतले, वर नेऊन मला चहा पाजला. मी घरी आलो तेव्हा स्कूटर लोण्यासारखी चालत होती.

"सांगितलंत का त्यांना?" बायकोनं विचारलं.

"कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता."

"कचरा कुठे आहे ते मला माहितीये," ती म्हणाली. आणि पुढच्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती, त्या सभेला तिनं स्वतः फोन करून काकांना बोलावलं.

सभेला पंधरा-वीस माणसं आली. काका दाराजवळच्या खुर्चीवर. शेवटचं भजन झालं आणि मी उभा राहिलो. नक्कल सगळ्यांसमोर केली, तर माफीही सगळ्यांसमोर मागावी, असा माझा हिशेब होता. "मला काकांची माफी मागायची आहे," मी म्हणालो. "सणाच्या दिवशी त्या भोपळ्याच्या वेळी मी..."

भोपळा म्हटल्याबरोबर खोलीत हशा पिकला. जन्मभर हसवलेल्या माणसानं गंभीर चेहरा केला की लोकांना तो नवीन विनोद वाटतो. मागून कोणीतरी ओरडलं, "करून दाखवा ना ते पुन्हा!" मी नाही म्हणायला तोंड उघडलं. शपथ घ्यायची नसते आमच्यात, नाहीतर घेऊन सांगितलं असतं की मी ठरवलं नव्हतं. समोर माणसं हसत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "देवा बापा..." त्याच आवाजात.

पुढचं गिळलं. पण दोन शब्द पुरेसे होते. काका उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले.

मी अनवाणी मागे धावलो. ते खाली गाड्यांपाशी उभे होते.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे वाक्य लहानच राहिलं.

"तू लय चांगलं करतो माझं," काका म्हणाले. "माझ्याहून बरं. भांडण त्याचं नाय. तवापासून घरी गुडघे टेकले, तोंड उघडलं, की मला तुझा आवाज येतो. माझा येतच नाय. मंग काय बोलू देवाशी?"

मी हात जोडले.

"माफ केलं म्हणा ना, काका."

"म्हणायला काय जातं? मी भी पाच महिने भाकर घ्यायला उठलो नाय. जागेवर बसून राहतो. पोटात तुझा राग हाय, खोटं कशाला बोलू." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "जा वर, काच रुतंल. आन त्या पहिल्या रविवारी शिट्टी वाजवत लपू नको. मला दिसतं खिडकीतून."

या महिन्यात मी जाकीट आणि शिट्टी परत केली. पाळकसाहेबांचा चेहरा पडला, "अहो, मग गेट कोण बघणार?" मी आत जाऊन काकांच्या शेजारी बसलो. ते सरकले नाहीत, पण पिशवी उचलून पलीकडे ठेवली. वेदीकडे जायची वेळ आली, लोक उठू लागले, आणि आम्ही दोघंही बाकाला चिकटलेले. बाहेर गेटवर हॉर्न वाजत होते. शेवटची रांग उरली तेव्हा काकांनी पुढच्या बाकाला धरून स्वतःला उठवलं. त्यांच्या मागून मी.

वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकताना माझे दोन्ही गुडघे कडकड वाजले. काकांनी मान वळवली नाही. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "देवा बापा, ह्याच्या भी गुडघ्याला ग्रीस लाव."

मी आमेन म्हणालो आणि भाकर घेतली. त्यांनीही घेतली.

ती त्यांची प्रार्थना होती की मी त्यांची केलेली नक्कल ते मला परत करत होते, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही. खुल्या प्रार्थनेला ते अजून उठत नाहीत. त्यांची वेळ आली की पंखा ऐकू येतो, आणि मी डोळे मिटून, हात घट्ट धरून, शेजारी काका उठल्यानं बाक करकरतोय का ते ऐकत बसतो.