फांदी तिच्या बाजूला पडली

माझ्या घरावर झाडाची फांदी पडली नाही, याचं मला जवळजवळ वर्षभर वाईट वाटत होतं. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या रस्त्याला आमचं घर होतं. सासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध विटांची भिंत घातली. एका अर्ध्यात मी, माझे यजमान आणि आमच्या दोन मुली. दुसऱ्या अर्ध्यात माझी धाकटी जाऊ, एकटीच. दीर मुंबईत औषधांच्या कारखान्यात होते, ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं.

यजमान एसटीच्या डेपोत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. जाऊ चौथीपर्यंत शिकलेली. तरी माणसं का कोण जाणे, आधी तिच्याकडे जायची. मासेवाली पाटी उतरवायची ती तिच्या पायरीवर. पोस्टमन पाणी मागायचा तो तिच्याकडे. माझ्या मुली शाळेतून आल्या की दप्तरं माझ्याकडे टाकून भिंतीपलीकडे पळायच्या. ती तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करायची आणि वाटीभर आमच्याकडे पाठवायची. यजमान ती वाटी बोटानं पुसून खायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं मला नीट ऐकू यायचं.

आमच्या भागात टीव्ही येऊ लागले, तसे सोफेही येऊ लागले. चटईवर बसून टीव्ही बघणं लोकांना कमीपणाचं वाटायला लागलं. दिरांनी पैसे पाठवले आणि जावेनं मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून सोफासेट करून घेतला. सागवानी चौकट, वर मरून रंगाचं रेक्झिन. महिन्याभरात मी त्याच कारखान्यात गेले. कारागीर म्हणाला, "त्या बाईंचा साधा आहे. तुम्हाला हातांवर नक्षी करून देऊ?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

शाळेतल्या एका बाईंचे यजमान विम्याचे एजंट होते. मधल्या सुट्टीत येऊन त्यांनी आम्हा शिक्षिकांना घरातल्या सामानाच्या विम्याची माहिती दिली. आग, चोरी, वादळ, पूर यांत सोफा, कपाट, टीव्ही, जे जाईल त्याची भरपाई. मी विमा घेतला. आणि जावेलाही घ्यायला लावला. तिच्या काळजीपोटी नाही. असल्या गोष्टी मला कळतात, तिला कळत नाहीत, हे तिनं एकदा बघावं म्हणून. तिनं एकेक अक्षर लावत सही केली आणि एजंटला म्हणाली, "वयनी सांगतायत म्हंजे चांगलंच आसंल."

दुसऱ्या वर्षी श्रावणात वादळ झालं. मी शाळेत होते. दुपारी वारा असा सुटला की वर्गाच्या खिडक्या आम्ही बाकं लावून धरल्या. संध्याकाळी घरी आले तर अंगणातल्या फणसाची मोठी फांदी जावेच्या छपरावर कोसळलेली. कौलं, रिपा, दोन वासे मोडून ती थेट पुढच्या खोलीत आली होती. सोफ्यावर फणसाची ओली पानं पसरली होती आणि जाऊ कोपऱ्यात उभी राहून खराट्यानं पाणी बाहेर लोटत होती.

आमच्या बाजूला फांदी नव्हती. पण त्या दणक्यानं आणि वाऱ्यानं आमचीही कौलं सरकली होती आणि भिंतीवरून दुपारभर पाणी वाहून बरोबर माझ्या सोफ्यात मुरलं होतं. आतला काथ्या कुजका वास मारू लागला, प्लायवूडचे पापुद्रे सुटले, नक्षीवरचं पॉलिश पांढरं पडलं.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी माणूस बोलावून कौलं सारखी करून घेतली. पाऊस थांबणार नव्हता, मग काय करणार? जावेला नवे वासे हवे होते, ते वखारीतून लवकर मिळेनात. तिनं वर ताडपत्री टाकली, फांदी ओढवून अंगणात काढली आणि तशीच पडू दिली.

आठ दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर कोल्हापूरहून आला. जावेकडे त्यानं फांदीचे, छपराचे, सोफ्याचे फोटो काढले. मग माझ्याकडे आला. वर पाहिलं, कौलं जागच्या जागी. रेक्झिनमध्ये पेन्सिल टोचून पाहिली. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा डाग जुना दिसतो."

"थोडा जुना आहे," मी म्हटलं.

"म्हणजे दरवर्षी गळतं?"

"कोकणात कुणाचं गळत नाही?"

त्यानं मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. कुणाला वाक्यं लिहून घेताना पाहिलं की मला बरं वाटायचं, शिक्षिकेची सवय. त्या दिवशीही बरंच वाटलं.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. इंग्रजीत होती, म्हणून जाऊ तिचं पत्र घेऊन माझ्याकडेच आली. माझं मी नुकतंच वाचून मांडीवर ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की नुकसान छताच्या जुन्या गळतीमुळे, देखभालीच्या अभावी झालेलं असून ते विम्यात बसत नाही, सबब दावा नामंजूर. तिचं पत्र मी उघडलं.

"काय म्हंतायत, वयनी?"

"मंजूर झालंय तुझं."

तिनं दोन्ही हात गालांना लावले. मग माझ्या मांडीकडे पाहून म्हणाली, "आनि तुमचं?"

"नाही."

"आसं कसं? छप्पर एकच ना आपलं?"

ती खरोखर हळहळत होती. मला ते सहन होईना. तिनं आनंदानं उड्या मारल्या असत्या तर मी तिला हलकी ठरवून मोकळी झाले असते. ती मात्र माझ्या शेजारी बसून "काय तरी चुकलंय त्यांचं" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. विमा काय असतो हे मी तिला शिकवलं होतं. सही कुठे करायची तेसुद्धा बोट ठेवून मीच दाखवलं होतं.

मी विमा कंपनीच्या गावातल्या शाखेत गेले. तिथले अधिकारी माझ्याच वयाचे, मऊ बोलणारे. म्हणाले, "बाई, पॉलिसीत वादळ आहे, गळती नाही."

"वादळानंच कौलं सरकली."

"पुरावा?"

"शेजारी फांदी पडली ती दिसली ना तुमच्या माणसाला?"

"ती त्यांच्या दाव्यात पुरावा आहे. तुमच्या दाव्यात तुमचं स्वतःचंच वाक्य आहे." त्यांनी सर्व्हेअरचा अहवाल माझ्यापुढे केला. कोकणात कुणाचं गळत नाही, हे माझंच वाक्य इंग्रजीत टाईप होऊन आलं होतं.

मी लेखी तक्रार केली. तेच उत्तर आलं. मग मी चार पानी अर्ज लिहायला बसले. तीन पानं माझ्या सोफ्याविषयी होती. चौथ्या पानावर लिहिलं की शेजारच्या अर्ध्या भागातही कित्येक वर्षं गळती आहे, तिथे पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिवाय फणसाचं झाड जुनं असून ते छाटावं असं मी पूर्वी सुचवलं होतं, त्याकडे दुर्लक्ष झालं. त्यांचा दावा मंजूर होतो तर माझा का नाही?

यजमानांनी अर्ज वाचला. चौथ्या पानाशी थांबून म्हणाले, "हे कशाला?"

"खरं आहे ते."

"असेल. पण कशाला?"

मी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि शाळेत जाता जाता पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांनी जाऊ दारात आली. वखारवाल्यानं वासे आणून टाकले होते, त्याचे पैसे द्यायचे होते, आणि कंपनीनं भरपाई मात्र थांबवली होती. "परत तपासनार म्हंतायत. काय झालं आसंल वो?"

"कंपनीचं काम असंच असतं," मी म्हटलं.

ती गेली. आणि मी खरं सांगते, त्या दिवशी मला हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी मुलींना घावणे करून घातले. आता आम्ही दोघी सारख्या झालो होतो.

मग शाखेतून मला बोलावणं आलं. मी अर्धी रजा टाकून गेले. अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. वरच वहीचं फाडलेलं पान होतं, पेनानं लिहिलेलं, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं. ते अक्षर मी ओळखलं.

"वाचा," ते म्हणाले.

तिनं लिहिलं होतं: 'साहेब, माझी वहिनी शाळेत बाई आहेत. त्या खोटं बोलत नाहीत. फांदी पडली तेव्हा मी घरात होते. भिंत हलली आणि वहिनीच्या बाजूची कौलं खडखडून सरकली, मी ऐकली. माझं मंजूर केलं तसं त्यांचं पण करा. त्यांचा सोफा माझ्यापरीस चांगला होता, नक्षीचा.' खाली ती सही, एकेक अक्षर लावलेली.

"हे तुमच्या अर्जाच्या आठ दिवस आधी आलं," अधिकारी म्हणाले. "बस पकडून स्वतः आल्या होत्या. सर्व्हेअरच्या अहवालापुढे याचा कितपत उपयोग होईल, शंका आहे. पण तुम्हाला दाखवावंसं वाटलं." त्यांनी पान उलटलं. खाली माझा अर्ज होता, चौथं पान वर.

"मला हा परत द्या," मी म्हटलं.

"आवक झालेला कागद परत देता येत नाही. दुसरा लिहून द्या."

मी तिथेच, बाहेरच्या बाकावर बसून अर्धं पान लिहिलं. जाऊ बादली स्वयंपाकघरात ठेवायची, पुढच्या खोलीत नाही. फणस हिरवागार होता, फांदी वादळानंच मोडली. आधीचा मजकूर मी रागाच्या भरात लिहिला. राग हा शब्द बरोबर नव्हता. बरोबर शब्द मला माहीत होता, पण तो अर्जात कसा लिहायचा?

घरी आले ती सरळ तिच्या दारात गेले. ती विळीवर बांगडे साफ करत होती. मी म्हटलं, "मला तुला काही सांगायचंय."

"ठाव हाय मला," ती मान वर न करता म्हणाली. "सायेब परत आलेले तपासायला. तुमचा कागद वाचून दाखवला त्यांनी."

"कधी?"

"सोमवारी."

तो शुक्रवार होता. मधल्या चार दिवसांत तिनं दोनदा आमच्याकडे कालवण पाठवलं होतं.

"बादली सैपाकघरात ठेवायचे मी, वयनी. म्होरल्या खोलीत नाय."

"तसं लिहून दिलंय मी आज."

तिनं हातातला बांगडा पुरा केला, ताटलीत ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. "माझ्याकडं आसं काय हाय वो, जे तुमच्याकडं नाय?"

भिंतीपलीकडे माझ्या मुली पाढे म्हणत होत्या. यजमान डेपोतून आले होते, त्यांच्या चपला वाजल्या. मी उंबऱ्यावरूनच वळले आणि आमच्या दारात गेले.

माझा दावा कायमचा नामंजूर झाला. तिची भरपाई दोन-अडीच महिन्यांनी आली, सोफा जुना धरून कापलेली. वखारवाला तोवर रोज दारात येऊन बसायचा, आणि त्याला ती काय सांगते ते मला भिंतीतून ऐकू यायचं. माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कालवणाची वाटी मात्र यायची थांबली. यजमानांनी का ते विचारलं नाही. इंग्रजी पत्र आलं तर ती माझ्या दारावरून पुढे जायची, पोस्टातल्या कारकुनाकडे.

दोन वर्षांनी दिरांना डोंबिवलीत खोली मिळाली आणि ते तिला घेऊन गेले. मी स्टँडवर पोचवायला गेले. मुली तिच्या गळ्यात पडून रडल्या. तिनं मला वाकून नमस्कार केला, "येते, वयनी" म्हणाली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माफी तेव्हा मागता आली असती. ओठांवर आलीही होती. पण ती खिडकीशी बसली, दिरांनी तिच्यासाठी शहाळं आणलं, ती त्यांच्याकडे पाहून हसली, आणि माझ्या मनात आलं की ही मुंबईला चालली आणि मी इथेच. कंडक्टरनं घंटी दिली. मुली हात हलवत होत्या, म्हणून मीही हलवला.