तोंडी ठराव

"आधी त्यात स्वतःचं नाव घालून वाचा, मग हात वर करा." ग्रामसभेत कोणताही ठराव मांडला गेला, की आमचे सर चष्मा कपाळावर सरकवून हे वाक्य उच्चारत. विषय पाणीपट्टीचा असो वा स्मशानभूमीच्या रस्त्याचा, वाक्य तेच. मागून कुणीतरी पुटपुटे, "झाला तास सुरू!"

शिक्रापूरजवळच्या आमच्या गावात त्यांनी नागरिकशास्त्र शिकवले. मी त्यांचा शाळेतला कनिष्ठ सहकारी. ज्याचे म्हणणे कुणी खोडत नाही आणि ऐकतही नाही, असा माणूस आपणही पाहिला असेल.

दूरच्या एका शहरात बॉम्बस्फोट झाला, त्यानंतरची ग्रामसभा मला स्पष्ट आठवते. ठराव असा होता, की मुसलमानांना गावात भाड्याने खोली द्यायची नाही. जे राहतात त्यांनी ती सोडावी. असे कुटुंब गावात एकच होते. कारखान्यात वेल्डिंग करणारा अस्लम, त्याची पत्नी आणि चौथीतली मुलगी तात्यांच्या चाळीत राहत. अस्लम सभेच्या दाराशीच उभा होता.

"तात्या, अस्लमनं काय केलंय?" सरांनी विचारले.

"काय न्हाई केलं, सर. माणूस चांगला हाय. पर उद्या केलं तर?"

"कायदा केलेल्या गोष्टीची शिक्षा देतो. 'केलं तर'ची द्यायची, तर तुमच्या पुतण्यापासून सुरुवात करू."

सभा हसली. तात्याही हसले.

सर मात्र हसले नाहीत. "प्रत्येक भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पण ज्याला हाकललंत, त्याला उद्या काही वावगं दिसलं, तर तो तुम्हाला सांगायला येईल का?" असा ठराव घटनेविरुद्ध आहे, असेही त्यांनी ग्रामसेवकांना बजावले. ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवले. सर जिंकले, असे मला वाटले.

पुढच्याच महिन्यात तात्यांनी अस्लमला खोली सोडायला सांगितले. बाकीच्या घरमालकांनीही त्याला दारातूनच परत पाठवले. सर तात्यांकडे गेले, तेव्हा मी सोबत होतो.

"पर ठराव कुठं झालाय, सर?" तात्या शांतपणे म्हणाले. "माझी खोली हाय. पाव्हणं येणार हायेत."

सरांनी स्वतःच्या घरातली पुढची खोली देऊ केली. अस्लमने हात जोडले. "सर, घर आपका है, पर रास्ता तो गांव का है ना." तो कुरकुंभकडे निघून गेला, मुलीची शाळा अर्ध्यावर सुटली.

सरांना इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "कागदावर असता, तर कोर्टात नेला असता. मीच तो लिहू दिला नाही. आता भांडू कुणाशी?"

यंदा उन्हाळ्यात सर गेले. दशक्रियेला अस्लम आला होता. तात्यांनी त्याला आग्रहाने चहा दिला. "पोरगी कितवीला हाय रं आता?" असे आपुलकीने विचारलेही.

परतताना तो चाळीवरून गेला. त्या खोलीला कुलूपच होते. पाहुणे अद्याप यायचे आहेत.