युगांडाच्या शिलिंगाचा भाव

लंडनमध्ये ईलिंगला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते ते काका-काकू अस्सल मराठी, पण महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो फक्त सुट्टीत. जन्म, शाळा, लग्न, सगळं कंपालात. बहात्तर साली युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून हुकूम निघाला आणि ही दोघं दोन बॅगा घेऊन लंडनला उतरली. काकूंचं मराठी त्यामुळे जुन्या वळणाचं, फार गोड. भांडण्याचं मराठीसुद्धा तसंच जुन्या वळणाचं.

आणि भांडण एकच, वन्संशी. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. त्या काळी त्या नैरोबीत शिक्षिका होत्या, आता लेस्टरला मुलाकडे राहत होत्या. कंपाला सोडताना सोबत पैसे न्यायची बंदी, म्हणून काकांनी साठवलेले पाच हजार युगांडाचे शिलिंग एका जिवलग मित्राच्या हाती नैरोबीला बहिणीकडे धाडले होते. केनियाचे शिलिंग करून लंडनला पाठव, असा निरोप. 'पैसे पोचले' असं वन्संनी पत्रात लिहिलं, आणि पाठवले केनियाचे फक्त तीन हजार.

"दोन हजार गिळले वन्संनी!" हे वाक्य मी त्या घरात पोहे खाताना ऐकलं, इस्त्री करताना ऐकलं, अंघोळीला जाताना जिन्यावर ऐकलं. पस्तीस वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्या वर्षी काकांची पंचाहत्तरी आली. काका गरीब स्वभावाचे, बायकोपुढे तर फारच. त्यांनी एवढंच मागितलं, "ताईला बोलवूया ना. ऐंशीला आली ती."

"खुशाल बोलवा," काकू म्हणाल्या. "मी त्या दिवशी देवळात जाऊन बसते."

काका मागच्या बागेत टोमॅटोंना पाणी घालायला गेले. मला इतकं वाईट वाटलं ना! आणि मी पडले नागपूरची, नाक खुपसल्याशिवाय मला चैन कुठलं? शहरातल्या एका बँकेत आमची सॉफ्टवेअरची टीम जगभरच्या चलनांचे जुने भाव सांभाळायची. म्हटलं, बहात्तरचा युगांडा-केनिया भाव काढते. पाच हजारांचे तीन हजार बरोबर होत असतील, तर वाद संपला. आणि अतिशहाणी मी, सकाळी निघतानाच काकूंना हे सांगून बसले.

भाव निघाला एकास एक. बरोब्बर एकास एक! युगांडाचा एक शिलिंग द्या, केनियाचा एक घ्या.

तो कागद खरं तर तिथेच फाडायला हवा होता. पण संध्याकाळी काकू दारातच हात पुढे करून उभ्या. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून टाकला. "बघा हो, बँकेनं छापून दिलंय!" काकांनी कागद पाहिला आणि चहा तसाच ठेवून वर निघून गेले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हे सगळं मी अकाउंट्समधल्या एका बाईंपुढे ओकले. पन्नाशीच्या पुढच्या, मूळच्या कंपालाच्या आफ्रिकन. त्या एवढ्या हसल्या की कॉफी सांडली. म्हणाल्या, "अगं, तो सरकारचा भाव. त्या भावानं केनियाचा शिलिंग विकायला कोण वेडा बसला होता? तुमचे लोक निघाले तेव्हा आमच्या गल्लीत तीन दिले तर एक मिळायचा, तोसुद्धा हातापाया पडून."

मी हिशेब केला. पाच हजारांचे जेमतेम सतराशे!

घरी आले तर काकू कांदा चिरत होत्या. मी सांगितलं. "काहीतरीच!" म्हणाल्या.

"काकू, खरं सांगा. तेव्हा कोणी युगांडाचे पैसे घ्या म्हटलं असतं, तर तुम्ही घेतले असते?"

सुरी थांबली. "छे गं. चुलीत घालायच्या लायकीचे झाले होते." मग त्या हळूच खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे वन्संनी पदरचे घातले? अगं बाई गं! आणि मी पस्तीस वर्षं काय काय बोलले!"

काका बागेत होते. काकूंनी हात पुसले आणि थेट लेस्टरला फोन लावला. काकूंना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज इतका मोठा असायचा की मलाही पलीकडचा शब्द न् शब्द कळत होता.

"वन्सं, मी बोलतेय. चुकलं माझं. भाव इतका पडला होता, मला मेलीला कळलंच नाही. तुम्ही पदरचे तेराशे घातलेत."

पलीकडून कोरडा, मास्तरणीचा आवाज. "तेराशे कसले? तीनही हजार माझेच होते. तेवढेच होते माझ्याकडे."

"आणि आमचे?"

"एक शिलिंग पोचला नाही मला. भावाचा तो मित्र नैरोबीला आलाच नाही. परस्पर कॅनडाला गेला."

"मग बोलला का नाहीत हो?"

"काय बोलू? घर गेलं, नोकरी गेली, देश गेला. त्यात जिवाभावाच्या मित्रानं बुडवलं हे कळलं असतं, तर माझा भाऊ खचलाच असता गं. त्यापेक्षा म्हटलं, मी चोर झाले तर झाले."

काकू ढसाढसा रडायला लागल्या. मीही. फोन कानाला तसाच ठेवून त्या ओरडल्या, "पंचाहत्तरीला येताय तुम्ही! आठ दिवस राहायचं!"

"चार," पलीकडून आवाज आला.

तेवढ्यात काका ओंजळभर टोमॅटो घेऊन आत आले आणि आम्हा दोघींचे चेहरे बघून घाबरलेच. "काय झालं? कोणाचा फोन?"

"वन्संचा. येतायत त्या."

काकांच्या हातातला एक टोमॅटो घरंगळला. तो उचलत त्यांनी चाचरत विचारलं, "आणि ते दोन हजार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग नाक पुसून म्हणाल्या, "भावात गेले हो. तेव्हा भावच तसा होता. विचारा हवं तर हिला, बँकेत आहे ती."

"हो काका," मी म्हटलं. "फारच पडला होता."

काका इतके खुलले की मला त्यांच्याकडे बघवेना. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "माझी ताई काय नि माझा मित्र काय, दोघंही खाणाऱ्यातले नाहीत!"

"नाहीतच," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन काकांच्या हातात दिला.